मुलांना शिकवायच्या सद्गुणांच्या यादीत धैर्य का नसतं?

कर्वेनगरची
आमच्या सोसायटीत सुट्टीत संस्कार वर्ग सुरू करतायत, छानच आहे, पण क्लबहाऊसच्या दारावर शिकवायच्या गुणांची यादी लागलीये ती वाचून डोक्यात किडा वळवळतोय. खरं बोलणं, वेळ पाळणं, मोठ्यांचा मान, नम्रता, काटकसर, स्वच्छता, शिस्त, आज्ञाधारकपणा. धैर्य नाही. न्यायबुद्धी नाही. म्हणजे ज्या गुणांनी पोर सांभाळायला सोपं जातं तेवढेच उचललेत.

प्राचीन ग्रीकांनी जे चार मुख्य सद्गुण मानले ते शहाणपण, धैर्य, संयम आणि न्याय. आपल्याकडे गीतेच्या सोळाव्या अध्यायात दैवी संपत्ती सांगितलीये, 26 गुण, आणि त्यात पहिलाच अभय. आणि आमच्या यादीत तो शेवटीसुद्धा नाही!

माझं म्हणणं असं की सगळे गुण एकदम अंगी बाणत नाहीत, निवडावं लागतंच, आणि निवडताना आपल्याकडे ज्याची वानवा आहे तो आधी घ्यावा. ॲरिस्टॉटलचं म्हणणं होतं की आपला कल कुठल्या टोकाकडे आहे ते ओळखा आणि स्वतःला मुद्दाम उलट दिशेला ओढा, वाकडं लाकूड सरळ करणारे करतात तसं. आपल्यासारख्या घरांतल्या मुलांना नम्रता आणि अभ्यास घरातूनच मिळतो, चार लोकांत उभं राहून 'हे चुकतंय' म्हणायची सवय मात्र कुणीच लावत नाही. म्हणून धैर्य आधी. तुम्हाला काय वाटतं?

निवृत्त_मास्तर
ताई, असहमत. माझं आयुष्य शाळेत गेलं, वर्गातली सगळ्यात धीट मुलं बघितलीत मी, त्यातली निम्मी दुसऱ्यांना दाबणारी होती. धैर्य हा एकटा सोडला तर कुणाच्याही कामाला जुंपता येणारा गुण आहे, गुंडालाही तो लागतोच. गीतेची यादी पहिल्या शब्दावर सोडू नका, शेवटपर्यंत वाचा, शेवटचा गुण नातिमानिता आहे, म्हणजे स्वतःविषयी फाजील अभिमान नसणं.

आणि पुण्यात राहून गोखल्यांना विसरून कसं चालेल. 1897 ला प्लेग होता, सोल्जर घराघरात घुसून तपासणी करत होते, गोखले तेव्हा इंग्लंडमध्ये. पुण्याहून आलेल्या पत्रांच्या भरवशावर त्यांनी सोल्जरांनी बायकांवर अत्याचार केल्याचं तिथल्या वर्तमानपत्राला सांगितलं. परत आल्यावर सरकारने पुरावा मागितला, तो काही उभा करता आला नाही. पत्रं कुणी पाठवली ते त्यांनी सांगितलं नाही आणि स्वतः जाहीर माफी मागितली. पुण्यात छी-थू झाली त्यांची. आता सांगा, त्यांनी कुठला गुण निवडला? मी म्हणेन सत्य. जे सिद्ध करता येत नाही ते मागे घ्यायचं, लोक काय म्हणतील ते म्हणोत. मुलांना आधी हे शिकवा, धीटपणा मागून येईल.

पेठेतला_पक्या
मास्तर पण ही तर ताईंच्याच बाजूची गोष्ट झाली ना!! सगळं गाव भित्रा म्हणतंय, आणि तरी माणूस माफी मागतो, त्याला धैर्य नाही तर काय लागलं? आणि नावं फोडली नाहीत ती निष्ठा. एका माफीत तीन गुण आहेत आणि तुम्ही एकालाच हार घालताय. सत्य कळलेलं असणं वेगळं आणि ते तोंडातून बाहेर पडणं वेगळं, दुसऱ्यासाठी छातीच लागते.

सिंहगडरोडवरून
मला दोघांचंही पटत नाहीये. 'जो कमी तो आधी' हे ऐकायला बरं वाटतं पण माणसाचा पिंड बदलत नाही. आगरकर आणि धोंडो केशव कर्वे बघा, 1891 ते 95 दोघं एकाच फर्ग्युसनमध्ये शिकवत होते, दोघांनाही समाज बदलायचा होता. आगरकरांची लेखणी अशी की जिवंतपणी त्यांची प्रेतयात्रा काढली लोकांनी. कर्वे मितभाषी, वाद अंगावर न घेणारे, पण 1893 ला विधवेशी लग्न केलं, 96 ला विधवांसाठी आश्रम काढला, हिंगणे ते पुणे पायपीट करत राहिले, वर्गणी मागत राहिले, आणि 1916 ला बायकांचं विद्यापीठ उभं करून दाखवलं. कर्व्यांनी 'माझ्यात आगरकरांचा जहालपणा कमी आहे, तो आधी कमवतो' असं ठरवलं असतं तर ना धड आगरकर झाले असते ना कर्वे. त्यांची चिकाटी होती, तीच त्यांनी वाढवली. तेव्हा मुलात ज्याचं बी आहे त्याला पाणी घाला. लाजऱ्या मुलाला स्टेजवर ढकलून कुणाचं भलं झालंय?

शलाका_म
इथे एक गोष्ट सुटतेय. यादी लिहितं कोण? मी सासूबाईंचं अंथरुणातलं सगळं केलं, मनापासून केलं, त्याबद्दल काही म्हणायचं नाही, पण त्या सगळ्या काळात घरी येणारा प्रत्येक जण 'किती सोशिक आहेस गं' म्हणून चहा पिऊन गेला, आणि 'आज रात्री मी बसतो' असं एकानेही म्हटलं नाही. सोशिकपणा हा सद्गुण आहे की दुसऱ्यांची सोय, हे कोण ठरवणार? माझ्या नवऱ्याला लहानपणी कुणी सोशिक हो म्हणून शिकवलेलं नाही.

सोसणं वाईट असं नाही म्हणत मी. सावित्रीबाई 1848 पासून शाळेत जाताना शेण-चिखल अंगावर घेत होत्याच की, पण ते त्यांनी स्वतः ठरवलेल्या कामासाठी सोसलं. मला हा फरक फार मोठा वाटतो. स्वतः निवडलेला गुण तो गुण, दुसऱ्याने गळ्यात घातला की तो जाच. पिंडाप्रमाणे वाढवा म्हणणाऱ्यांना पण हेच विचारायचंय, बायकांचा पिंडच सोशिक असं म्हणून तर सगळं चालत आलंय ना?

औंधवाला
निवड वगैरे कागदावर ठीक आहे. बेंजामिन फ्रँकलिनने 13 गुणांचा तक्ता केला होता, आठवड्याला एक गुण, चुकलं की काळा ठिपका, आणि व्यवस्थितपणा त्याला शेवटपर्यंत नीट जमला नाही. प्रसंग आला की प्रसंगच ठरवतो तुम्हाला कुठला गुण लागणार. वर्ग घ्या, गोष्टी सांगा, बाकी सोडा.

कर्वेनगरची
@औंधवाला, प्रसंग ठरवतो हे खरंय पण प्रसंगाला ऐनवेळी गुण कुठून आणायचा? सवय आधीची लागते. एक डोळ्यासमोर घडलेलं सांगते. मागे पार्किंगमधून एक सायकल गेली. कमिटीची मीटिंग, वॉचमन काकांवर आळ, रात्री झोपतात म्हणून काढून टाकायचं जवळजवळ ठरलं. ते दाराशी टोपी हातात घेऊन उभे होते. तेवढ्यात आठवीतली एक मुलगी उठली आणि म्हणाली, काकांनी नाही नेली, आपल्याच बिल्डिंगमधल्या दादाने नेली, मी गॅलरीतून बघितलंय. आईने तिचा हात धरून खाली बसवायला बघितलं, ती बसली नाही. काका राहिले कामावर, सायकल पण मिळाली. आणि नंतर लिफ्टपाशी सगळे काय बोलत होते? 'मुलगी उद्धट आहे, मोठ्यांच्या मधे बोलते.' तो दादा सायकल नेताना आणखी कुणालाच दिसला नसेल असं मला वाटत नाही, पण वाईटपणा कोण घेणार!

आणि सिंहगडरोडवाले, ती मुलगी एरवी अगदी अबोल आहे. पिंड वगैरे मोडूनच बोलली ती.

निवृत्त_मास्तर
मुलीचं कौतुकच आहे. पण ती ऐकीव बोलली नाही, स्वतः बघितलेलं बोलली, म्हणून ते शोभलं. ऐकीव माहितीवर त्याच धीटपणाने एखाद्या पोराचं नाव घेतलं असतं तर? म्हणून म्हणतो, धैर्य यादीत जरूर घाला पण खरं बोलण्याच्या खाली घाला.

कर्वेनगरची
मास्तर, ऐकीव बोलू नये हे शंभर टक्के मान्य. पण खरं बोलणं तर यादीत सगळ्यात वर आहेच, आणि त्या मीटिंगमधल्या एकूण एक माणसाने ते शाळेत गिरवलेलं होतं, तरी उठलं कोण? रविवारी कमिटीपुढे जाऊन सांगणार आहे, आज्ञाधारकपणा काढा आणि तिथे धैर्य आणि न्याय टाका.

शलाका_म
आज्ञाधारकपणा काढायला सगळ्यात जास्त विरोध होईल बघा, आईवडीलच करतील. तयारीने जा, आणि काय ठरलं ते इथे लिहा.