विहिरीत सापडलेली गारगोटी घरात ठेवू का?

सिन्नरकर: मंडळी, विहिरीचं खोलीकरण चालू आहे. मांजऱ्या खडकात सुरुंग लावला तर पोकळी निघाली, आत फिकट गुलाबी स्फटिक, बांधलेल्या पेंढीसारखे. मुलीनं गारगोटी संग्रहालयात असेच पाहिलेत. म्हणाली, स्टिल्बाइट, झिओलाइटच्या कुळातला. एवढ्यावर थांबली असती तर बरं! वर सांगितलं की चेर्नोबिलला अणुभट्टीच्या अपघातानंतर किरणोत्सारी पाणी साफ करायला झिओलाइट वापरले होते. तेव्हापासून आई शोकेसजवळ फिरकत नाही. दगड टाकून देऊ का?

जुना_भूगर्भवाला: टाकू नका हो. आजींना सांगा, मोरी साफ करते म्हणून केरसुणी दुकानातूनच घाण येत नाही. आपल्या बेसॉल्टमध्ये किरणोत्सारी युरेनियम-थोरियम ग्रॅनाइटच्या मानाने कमीच.

झिओलाइट म्हणजे सिलिका-अॅल्युमिनाची जाळी. तिच्यावर ऋण भार, म्हणून पोकळ्यांत सोडियम, कॅल्शियम सैलसे बसलेले असतात. पाण्यातून सिझियम, म्हणजे अशा अपघातात पसरणारा किरणोत्सारी धातू, आला की ते उठतात, तो बसतो. पण सगळे झिओलाइट सारखे नाहीत. या कामाला क्लिनोप्टिलोलाइट, चॅबाझाइट, मॉर्डेनाइट नावाजलेले. तुमचा स्टिल्बाइट शोकेसलाच शोभतो.

दिंडोरीचा_द्राक्षवाला: आणि आमचं काळं रान? ते सिझियम धरतं का?

जुना_भूगर्भवाला: त्यात माँटमोरिलोनाइट, चिकणमातीचं खनिज. पावसात फुगतं, उन्हात भेगाळतं, सिझियम धरतं पण सोडतंही. खरी पकड इलाइटची, तेही चिकणमातीचंच खनिज. त्याच्या थरांच्या कडा जुन्या वहीसारख्या उचकटलेल्या असतात. सिझियम अंगावरचं पाणी झटकून त्या फटीत शिरतो आणि अडकतो. २०११ च्या अणुभट्टी अपघातानंतर जपानच्या फुकुशिमात बराचसा सिझियम मातीच्या वरच्या काही सेंटिमीटरांतच राहिला. म्हणून शेतांची वरची साधारण ५ सेंटिमीटर माती खरवडली. सिझियम-१३७ चं अर्धायुष्य ३० वर्षं, म्हणजे निम्मा व्हायलाच तेवढी लागतात, वाट बघणं परवडत नाही. भातखाचरांत पोटॅश वाढवलं. सिझियम पोटॅशियमचाच भाऊबंद. मुळांना पोटॅशियम भरपूर मिळालं की ती सिझियम कमी उचलतात.

युरेनियमची तऱ्हा उलटी. हवा लागलेल्या, कार्बोनेट असलेल्या पाण्यात तो विरघळून लांब जातो.

दिंडोरीचा_द्राक्षवाला: पोटॅशचा हा उपयोग नवाच कळला. आम्ही तर मण्यांच्या गोडीसाठी देतो.

सिन्नरकर: मग क्लिनोप्टिलोलाइट आणून विहिरीत टाकला तर पाणी आणखी शुद्ध?

जुना_भूगर्भवाला: नको. तुमच्या पाण्यात सिझियम आहे कुठे? शिवाय भरलेला झिओलाइट स्वतःच कचरा होतो, तो बंदोबस्तात ठेवावा लागतो.

सिन्नरकर: बरं, दगड शोकेसमध्येच. आईनं कापड टाकून ठेवलंय, ते मात्र ती काढू देत नाही.