विद्यासागर : कायद्याच्या पुढचं थोडं

बंगालचे समाजसुधारक ईश्वरचंद्र विद्यासागर म्हणजे फक्त १८५६ चा विधवा पुनर्विवाह कायदा, असा सूर दिसतो, म्हणून थोडी भर. कायदा झाला तरी लग्नं आपोआप लागत नव्हती. पहिलं लग्न त्याच वर्षी डिसेंबरात कलकत्त्यात लागलं, आणि पुढच्या कितीतरी लग्नांचा खर्च ईश्वरचंद्रांनी पदरचा केला. त्यात ते चांगलेच कर्जबाजारी झाले. १८७० मध्ये मुलाचं, नारायणचंद्राचं, लग्नही विधवेशीच झालं. (बोलके सुधारक तेव्हाही ढिगाने होते!) कायद्यात मेखही होती: पुनर्विवाह केला की पहिल्या नवऱ्याच्या मालमत्तेवरचा हक्क जायचा.

मला मात्र त्यांचं शाळांचं काम जास्त मोलाचं वाटतं. १८५७-५८ मध्ये काही महिन्यांतच त्यांनी मुलींच्या ३५ शाळा काढल्या. सरकारने पैशांसाठी हात आखडता घेतला, खटके उडाले, आणि १८५८ मध्ये त्यांनी संस्कृत कॉलेजचं प्राचार्यपद सोडलं. ब्राह्मण आणि वैद्य (बंगालमधली एक जात) यांच्यापुरतं असलेलं हे कॉलेज कायस्थांना खुलं केलं तेही त्यांनीच.

आपल्याकडे विष्णुशास्त्री पंडितांनी (चिपळूणकर नव्हेत) त्यांचं विधवाविवाहावरचं पुस्तक मराठीत आणलं, आणि पुढे स्वतःही विधवेशी लग्न केलं.