मदत हवी आहे: परसातल्या पिझ्झा भट्टीला पावसापासून कसं जपू?

गुहागरला परसात लाकडावरची, घुमटाची पिझ्झा भट्टी बांधतोय. चौथरा चिऱ्याचा झालाय. आतला व्यास ३६ इंच, घुमट १८ इंच उंच, म्हणून तोंड साधारण ११ इंच उंच (घुमटाच्या उंचीच्या ६३ टक्के, जास्त ठेवलं तर उष्णता निसटते). तळाला फायर ब्रिक (जास्त उष्णता सोसणारी वीट) नक्की. घुमटाला गावच्या भाजक्या विटा ४०० अंशांवर टिकतील का? पिझ्झा दीड मिनिटात व्हायचा तर तेवढी आच हवीच.

खरी काळजी पावसाची. चार महिने ओल मुरल्यावर एकदम मोठा जाळ केला, तर वाफ कोंडून तडे जातात. नुसतं पत्र्याचं छप्पर पुरेल, की चुन्याचा गिलावाही करू? किनाऱ्यावर कुणी अशी भट्टी वापरत असेल तर कृपया सांगा. लेकीला दिवाळीच्या सुट्टीत पहिला पिझ्झा कबूल केलाय.