ओसीडीची थेरपी सुरू होत आहे, पहिल्या महिन्यात काय काय होते?

पऱ्हाटी
माह्या वहिनीले ओसीडी, म्हंजे नको ते इचार येत राहाचा आन तेच ते करत राहाचा आजार, आहे असं डॉक्टरनं सांगतलं. फवारणीचं औषध कुठंतरी लागलं असन आन लेकरायच्या पोटात जाईन, हाच इचार दिवसभर. दादा वावरातून आला की फाटकाच्या कडीपासून सगळं धुते, मंग तीन-तीन घंटे न्हाणीतच. गोळ्या सुरू झाल्या, आता सोमवारपासून ईआरपी नावाची थेरपी आहे. त्यात नेमकं काय करतेत? किती चकरा पडतीन? "हात धुवूच नको" असं जबरदस्तीनं करतेत काय? तिले त्याचंच भेव आहे. ज्याईले खरंच मालूम आहे त्याईनंच सांगा.

निंबाची_सावली
जबरदस्ती नसते, हे वहिनींना आजच सांगा. ईआरपी म्हणजे एक्स्पोजर (भीतीच्या गोष्टीला थोडं थोडं सामोरं जाणं) आणि रिस्पॉन्स प्रिव्हेन्शन (त्यानंतरचं धुणं वगैरे रोखणं). पहिल्या दोन भेटी विचारपूस आणि मोजणीतच जातात. मोजणीसाठी वाय-बॉक्स नावाची प्रश्नावली असते: १० प्रश्न, प्रत्येकाला ० ते ४ गुण, एकूण ४०. दिवसातला किती वेळ या विचारांत जातो, धुणं अडवलं तर किती तगमग होते, असे प्रश्न. १६ ते २३ म्हणजे मध्यम, २४ आणि त्याच्या वर तीव्र. पहिला आकडा वहीत लिहून ठेवा. पुढे तो ३५ टक्के उतरला, म्हणजे २८ चा १८ झाला, की थेरपी लागू पडली असं धरतात. कधी कधी घरच्यांना फरक दिसत नाही, पण आकड्यात दिसतो.

मग आठवडाभराची नोंद: कशाला हात लागला, मनात काय आलं, किती वेळा धुतलं. त्यावरून उतरंड लावतात. सगळ्यात कमी भीतीचं काम खाली, सगळ्यात जास्तीचं वर, प्रत्येकाला ० ते १०० मध्ये भीतीचा आकडा. वहिनींची साधारण अशी असू शकेल: पंपाचा फोटो पाहणे २०, फाटकाच्या कडीला हात लावणे ४०, दादांचा धुऊन वाळलेला शर्ट हातात घेणे ५०, त्याची घडी लेकरांच्या कपड्यांत ठेवणे ७०, त्या शर्टाला लागलेल्या हातानेच ताट वाढणे ८५. सुरुवात ३०-४० च्या पायरीपासून. कोणती पायरी कधी, ते वहिनी आणि थेरपिस्ट मिळून ठरवतात.

नावातला दुसरा भाग, रिस्पॉन्स प्रिव्हेन्शन, जास्त महत्त्वाचा आहे, म्हणजे कडीला हात लावल्यावर न धुणे. हात लावण्याआधी तिने वहीत लिहायचं, "आता काय होईल?" आणि नंतर, "काय झालं?" जीव घाबराघुबरा होईल. तो बहुतेक वेळा हळूहळू उतरतो, पण त्या दिवशी नाही उतरला तरी सराव वाया गेला असं नाही. न धुताही लेकरं ठीक राहिली आणि आपल्याला ती धाकधूक सोसली, एवढं कळलं तरी काम झालं.

आता फवारणीचं. ते औषध खरंच विष आहे, २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-मजूर दगावले, ते सगळ्यांना माहीत आहे. म्हणून बाटली किंवा पंप हाताळण्याचा सराव कोणताही शहाणा थेरपिस्ट देणार नाही. पहिल्याच आठवड्यात घराचा नियम ठरवून घ्या: फवारणी करून आलेल्याने साबण लावून अंघोळ करायची, ते कपडे वेगळे एकदा धुवायचे, पंप आणि बाटल्या कुलपात. एवढी काळजी गरजेची. त्यानंतरचं दुसरं, पाचवं, दहावं धुणं औषधामुळे नसतं, आजारामुळे असतं. ही रेघ आधी आखली नाही तर प्रत्येक सरावात "पण ते विष आहे ना" हा वाद निघतो.

बिघडतं कुठे? हात धुतला नाही, पण पदराला पुसला. किंवा तो हात "खराब" समजून अंगापासून लांब, बोटं फाकवून धरला आणि सगळी कामं डाव्या हाताने केली. किंवा मनातल्या मनात १०८ वेळा नाव घेतलं. हेही धुणंच आहे, फक्त पाणी नाही. थेरपिस्टला हे आपणहून सांगावं लागतं, बाहेरून दिसत नाही.

साधारण १२ ते २० भेटी, बहुतेक आठवड्याला एक, एक ते दीड तासाची. खरी थेरपी मात्र घरी, रोजच्या रोज सराव करूनच होते.

खिडकी_क्रमांक_२
गोळ्यांबद्दल थोडं. ओसीडीत बहुधा नैराश्यावरच्याच गोळ्या देतात, पण नैराश्यापेक्षा बहुधा जास्त डोस लागतो आणि फरक दिसायला ८ ते १२ आठवडे जातात. महिन्याभरात "काहीच होत नाही" म्हणून सोडणारेही असतात. सुरुवातीला मळमळ, डोकं दुखणं, झोप बिघडणं होतं, ते बरंचसं पंधरा दिवसांत कमी होतं. वय २५ च्या आत असेल तर पहिले काही आठवडे घरच्यांनी जास्त लक्ष ठेवायचं, आणि मरणाचे विचार बोलून दाखवले तर लगेच डॉक्टरांना कळवायचं. या गोळ्यांची चटक लागत नाही, पण एकदम बंद करायच्या नाहीत. बरं वाटल्यावरही वर्ष-दोन वर्षं चालतात.

झोपेची किंवा घाबऱ्याची वेगळी गोळी कोणी दिली असेल, तर ती सरावाच्या तोंडावर घ्यायची का ते विचारा. भीती गोळीनेच दाबली तर शिकायचं ते राहून जातं.

पऱ्हाटी
लय बारीक सांगतलं, आभार. आणखी एक. ती दिवसातून पन्नास खेप इचारते, "लागलं नाई ना?" नाई सांगतलं की पाच मिंट बरी राहते. उत्तर नाई देलं तर रडते. मंग काय कराव?

निंबाची_सावली
ते "नाई" म्हणणं हेही तिच्यासाठी धुणंच आहे. पण उद्यापासून एकदम तोंड बंद करू नका. थेरपिस्टसमोर, तिच्या संमतीने वाक्य ठरवा: "याचं उत्तर द्यायचं नाही असं आपलं ठरलं आहे. त्रास होतोय हे कळते, मी इथंच बसलो आहे." पहिल्या आठवड्यात दिवसाला दहा उत्तरं, मग पाच, मग बंद. आणि घरातल्या सगळ्यांनी तेच वाक्य म्हणायचं. एकटी आजी जरी हळूच "नाही गं, नाही लागलं" म्हणाली तरी पुन्हा पहिल्यापासून. मोटार बंद करणं, न्हाणीला बाहेरून कडी लावणं, ओरडणं, हे तर अजिबात नको.

गुंडभर_पाणी
भाऊ, वहिनीच्या मनात आणखी काही असू शकते जे घरी बोलत नाही. देवाबद्दल घाण विचार येणं, लेकराला विहिरीत ढकलीन का असं वाटणं. ओसीडीत हे नेहमीचं आहे. तिला तो विचार नकोसा वाटतो, म्हणूनच तिचा जीव जातो. थेरपिस्ट रोज असं ऐकतात, पोलिसात कोणी कळवत नाही. पहिल्या भेटीचा थोडा वेळ तिला एकटीला बोलू द्या, घरचे बाहेर बसा. आणि अंगारा-झाडणीत महिने घालवू नका.

पऱ्हाटी
नागपूर दर आठवड्याले जमत नाई, वेचणी सुरू होईन. फोनवर होते काय?

निंबाची_सावली
व्हिडिओवर होते. फाटक, कडी, न्हाणी सगळं तिथंच असल्यामुळे सराव उलट चांगला होतो. जिथं टॉवर पकडते ती जागा आधी पाहून ठेवा. पहिली भेट आणि महिन्यातून एक प्रत्यक्ष ठेवा, बाकी व्हिडिओवर. विचारताना "तुम्ही ईआरपी करता का, घरी करायचा सराव लिहून देता का" असं सरळ विचारा. नुसतं ऐकून धीर देणारं समुपदेशन यात पुरत नाही. मध्येच अडलं तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर फुकट आहे, चोवीस तास, मराठीतून बोलतात. जिल्हा रुग्णालयाच्या मनोविकार विभागात गोळ्या मिळतात का तेही पाहा, म्हणजे गोळ्यांपायी नागपूरची चकर वाचेल.