'न्यायिक फारकत' म्हणजे सोडचिठ्ठी का?

(बोलणाऱ्यांची नावं त्यांच्या गावांवरून: आर्णी, दर्यापूर, मूल.)

प्रश्न (आर्णी): कोर्टाच्या कागदावर 'न्यायिक फारकत' लिहून आलं. आमच्याकडे फारकत म्हणजे सरळ सोडचिठ्ठी. मग लग्न मोडलं का नाही?

दर्यापूर: नाही मोडलं. हिंदू विवाह कायदा १९५५, कलम १०. एकत्र नांदण्याची सक्ती उठते, नवरा-बायकोचं नातं कायम राहतं. दोघांपैकी कोणी दुसरं लग्न केलं किंवा पाट लावला, तर तो द्विविवाहाचा गुन्हा. कारणं घटस्फोटाचीच लागतात: क्रूरता, दोन वर्षं सोडून जाणं वगैरे. फरक एवढाच, की घटस्फोटाचा अर्ज लग्नाला वर्ष होईपर्यंत सहसा घेत नाहीत, याला ती अट नाही.

मूल: 'फारकत' हा शब्द मुळात फारखती, म्हणजे हिशेब चुकता झाल्याची लेखी पावती. भावाभावांच्या वाटणीतही तोच चालायचा. त्यामुळे ऐकणाऱ्याला वाटतं, सगळं तुटलं. काही कागदांवर 'न्यायिक विभक्तता' लिहितात. माझ्या मते तेच बरं, घोळ तरी होत नाही.

आर्णी: पण स्टॅम्पपेपरवर लिहून नोटरी केली तं चालत नाही का? गावात तर तसंच करतात.

दर्यापूर: चालत नाही, बाप्पा. त्या कागदानं घटस्फोटही होत नाही अन् विभक्तताही नाही. समाजात काडीमोडीची जुनी रूढी असेल तर कलम २९ तिला मान्यता देतं, पण ती रूढी कोर्टात पुराव्यानं सिद्ध करावी लागते. आणखी एक खोच आहे. त्या कागदात हमखास 'आपसी संमतीने वेगळे राहत आहोत' असं वाक्य घालतात. बाईनं पुढं पोटगी मागितली की नवऱ्याचा वकील तेवढंच वाक्य पुढं करतो, कारण संमतीनं वेगळी राहणाऱ्या बायकोला फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जुन्या कलम १२५ खाली (आता नागरिक सुरक्षा संहितेचं १४४) पोटगी मिळत नाही. मारहाणीमुळं निघाली असेल तर तसंच लिहावं.

मूल: शेतीचंही सांगा.

दर्यापूर: विभक्ततेचा निकाल झाल्यावर नवरा मृत्युपत्र न करता वारला, तरी बायको वर्ग एकची, म्हणजे पहिल्या हक्काची वारस. वारसाच्या फेरफाराला हाच निकाल दाखवून तिचं नाव गाळायला लावतात. त्याला आधार नाही. घटस्फोट झाला असता तर मात्र तिचा हक्क गेला असता, मुलांचा नाही.

आर्णी: अन् पुढं घटस्फोट पाहिजे असला तर?

दर्यापूर: निकालानंतर वर्षभर किंवा जास्त काळ पुन्हा नांदणं झालं नाही, तर कलम १३(१अ) खाली दोघांपैकी कोणीही अर्ज करू शकतो, ज्याच्याविरुद्ध निकाल गेला तोसुद्धा. १९७६ पूर्वी ही मुदत दोन वर्षं होती. म्हणून हुकूमनाम्याची (कोर्टाच्या निकालाच्या आदेशाची) नक्कल लगेच काढून ठेवा, वर्ष त्यावरच्या तारखेपासून मोजतात. कौटुंबिक न्यायालय नसेल तिथं अर्ज दिवाणी न्यायाधीश, वरिष्ठ स्तर यांच्याकडे. बायको सध्या माहेरी राहत असेल तर तिथल्या कोर्टातही तिला चालतो. आणि समेट होऊन दोघं परत नांदायला लागले, तर कलम १०(२) खाली अर्ज देऊन हुकूमनामा रद्द करून घ्या.