जुन्या कीपॅड फोनात नवीन सिम चालत नाही, काय करू?

सत्तरीकर: आईकडे साधा कीपॅड फोन आहे, गोव्यात वाळपईच्या पुढे आमच्या गावात तिच्या जुन्या सिमला रेंज घराबाहेर आलं की येते, आत गेली की गायब. म्हणून जिओचं सिम आणलं तर फोन नेटवर्कच दाखवत नाही. सिम खराब की फोन?

म्हापशेकर: दोन्ही बरे आहेत रे. जिओचं २जी-३जी नेटवर्कच नाही, सुरुवातीपासून ४जी. कॉलसुद्धा व्होल्टीवर (VoLTE, म्हणजे ४जी नेटवर्कवरूनच) जातो. तुझा फोन २जीवाला असणार, त्याला ते सिम कळायचंच नाही. ४जी कीपॅड फोन मिळतात, तोच घे, आईला टचफोन देऊन डोक्याला ताप करू नको. आणि फोन घेताना डबीवर व्होल्टी लिहिलंय का बघ, नुसतं ४जी वाचून पैसे देऊ नको.

काणकोणची ताई: पण आधी शेजाऱ्यांकडे कुठलं सिम घरात चालतं ते विचार हं, सत्तरी तालुक्यात एका वाड्यावर रेंज फुल्ल आणि दुसऱ्यावर शून्य असं असतं, डोंगर मध्ये आला की झालं. नंबर तोच ठेवून कंपनी बदलायची, म्हणजे पोर्ट करायचा, तर इंग्रजीत PORT, मग जागा सोडून नंबर, असा मेसेज १९०० वर पाठव. कोड येतो, तो ४ दिवस चालतो. आताच्या कंपनीकडे ९० दिवस झालेले हवेत मात्र.

सत्तरीकर: जुना नंबर बँकेला जोडलाय, म्हणजे पोर्टच करतो. चवथीला गावी जाईन तेव्हा फोन घेऊनच जातो.