ईव्ही घ्यावी की प्लग-इन हायब्रिड? (मुद्दा कार्बनचा आहे)

शंकासूर: रोजचं जाणं-येणं 38 किमी, शिवाय महिन्याला 400 किमीच्या दोन फेऱ्या. आत्ताची पेट्रोल गाडी लिटरला 15 देते. कार्बन कमी करायचा म्हणून ती बदलून ईव्ही (फक्त विजेवर चालणारी) किंवा प्लग-इन हायब्रिड (प्लगवर चार्ज होणारी बॅटरी आणि पेट्रोल इंजिन, दोन्ही असलेली) घ्यायचा विचार आहे. बजेट सेकंड-हँडचंच आहे, कृपया नवीन सुचवू नये. पार्किंगमध्ये सॉकेट मिळेल.

बिनधूर: नवीनच घ्या हो. 75 युनिटची बॅटरी असलेली. एकदा घेतली की दहा वर्षं बघायला नको.

कोळसेवाला: आणि वीज येते कुठून? कोळशातूनच ना? धूर गाडीमागून निघून चिमणीतून जाणार, एवढाच फरक.

हिशेबनीस: @कोळसेवाला, एवढाच नाही. लिटरभर पेट्रोल जळलं की 2.3 किलो सीओटू (कार्बन डायऑक्साइड). 15 च्या मायलेजला 153 ग्रॅम/किमी, शुद्धीकरण-वाहतूक धरून साधारण 185. ईव्ही चार्जिंगमधली गळती धरून युनिटला 6 किमी जाते. वीज बनवताना युनिटमागे 0.7 किलो सीओटू जात असेल तर 117 ग्रॅम/किमी, 0.3 जात असेल तर 50. निव्वळ कोळशाच्या विजेवर 165 च्या आसपास, तिथे तुमचं बरोबर.
@बिनधूर, बॅटरी बनवताना दर युनिट क्षमतेमागे ढोबळ 75 किलो सीओटू जातो. 40 युनिटची म्हणजे 3 टन. 0.7 च्या विजेवर पेट्रोलच्या तुलनेतल्या बचतीतून ते फिटायला 44,000 किमी लागतात. 75 युनिटला जवळपास दुप्पट. 38 किमीसाठी एवढं वजन कशाला ओढायचं?

बिनधूर: रेंज असलेली बरी. नवीनच घ्या.

दोन्हीडगर: पीएचईव्ही (प्लग-इन हायब्रिड) घ्या, रोजचं विजेवर, लांबचं पेट्रोलवर. माझी तशीच आहे, झकास.

वायरमन: कागदावर झकास. युरोपियन कमिशनच्या 2024 च्या अहवालात पीएचईव्हींचं रस्त्यावरचं उत्सर्जन प्रयोगशाळेतल्या आकड्याच्या सरासरी साडेतीनपट निघालं. कारण साधं आहे, लोक प्लग लावत नाहीत. शिवाय थंडीत हीटर लावला की बऱ्याच मॉडेलांत इंजिन सुरू होतं. आणि चालत्या इंजिनावर बॅटरी भरायचा मोड तर वापरूच नका, पेट्रोल उगाच जातं.
शंकासूर, तुमचे महिन्याचे निम्मे किमी लांबचे, म्हणजे तेवढे पेट्रोलवरच.

दोन्हीडगर: मी रोज लावतो प्लग.

हिशेबनीस: वापरलेली ईव्ही बघाच. डॅशबोर्डवरच्या रेंजवर जाऊ नका, तो आकडा आधीच्या ड्रायव्हरच्या सवयीचा असतो. बॅटरी 80 टक्क्यांपासून 20 पर्यंत उतरेतो चालवा आणि किती युनिट खर्ची पडले ते स्क्रीनवर पाहा. 60 टक्क्यांत 19 गेले तर पूर्ण बॅटरी 31.7 ची. मूळ 40 ची असेल तर 79 टक्के उरली.

वायरमन: सॉकेटला स्वतंत्र 4 स्क्वेअर एमएम वायर, वेगळी एमसीबी (जादा करंट गेला की पडणारा स्विच) आणि 30 मिलीअँपिअरची आरसीडी (करंट गळला की वीज तोडणारी). चार्जर 10 अँपिअरवर ठेवा, 2.3 किलोवॉट मिळतात, 38 किमी पावणेतीन तासांत भरतात. एक्स्टेंशन बोर्ड नको. पिन सैल असली की तिथेच तापतं आणि बोर्ड वितळतो. अर्थिंग कच्चं असेल तर बरेच चार्जर लाल दिवा लावून बसतात, मग लोक गाडीला शिव्या घालतात.

कोळसेवाला: हायड्रोजन येईपर्यंत थांबा.

वायरमन: नको तो विषय इथे.

शंकासूर: सगळ्यांचे आभार. हिशेब करून पाहिला. इलेक्ट्रिक स्कूटर युनिटला 30 किमी जाते. गळती धरून रोज दीड युनिट, म्हणजे 0.7 च्या विजेवर एक किलो. गाडीने तेच अंतर 7 किलो. स्कूटर घेतोय, लांबच्या फेऱ्यांना जुनी गाडी.

बिनधूर: आणि पावसात?

दोन्हीडगर: मग धागा कशाला काढलात?

वायरमन: स्कूटर 6 अँपिअरच्या सॉकेटवरही भागते. आरसीडी मात्र लावाच.